कुलपाबाहेर थांबलेली जोडी

“कुलूप लावलं नाही आणि शोध चालू असताना कोणी नोंद बदलली, तर?”

पीयूष गावंडेच्या या प्रश्नात विचारणं कमी, सुनावणं जास्त होतं. समोर मेश्राम मॅडम होत्या. डेटाबेस त्यानं त्यांच्याकडूनच शिकला होता.

नागपुरातल्या मूत्रपिंड अदलाबदल केंद्राचा ग्राफ डेटाबेस, म्हणजे रेषांनी एकमेकींना जोडलेल्या नोंदींचा साठा, पीयूषनं बांधलेला. आपल्या माणसाला मूत्रपिंड द्यायला तयार, पण जुळत नाही, अशा जोड्या त्यात होत्या. कोणाचं कोणाला चालेल त्या रेषा धरत, सगळ्यांनाच मूत्रपिंड मिळेल अशी अदलाबदलीची साखळी शोधायची. बेबीताई ठवरे आणि त्यांचा भाऊ यांच्यासाठी ती सापडत नव्हती. डायलिसिसची सुई टोचायला बेबीताईंच्या हातांत आता शीर उरली नव्हती.

त्या शोधाची क्वेरी सकाळपासून फिरत होती. पीयूषनं अख्खा शोध एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे सलग एका व्यवहारात, गुंडाळला होता. शोध ज्या नोंदीला शिवेल तिला काम संपेपर्यंत कुलूप, म्हणजे तोवर तिच्यात कोणाला काही बदलता किंवा जोडता येणार नाही. मशीनच अपुरं पडतंय, असं त्याचं ठाम मत होतं. मॅडमनी त्यावर मान डोलवावी, एवढ्यासाठीच त्यानं त्यांना बोलावलं होतं.

मॅडमनी खुर्ची ओढली आणि चालू क्वेरी बंद केली.

“मॅडम... सकाळपासूनचा शोध होता तो.”

“सकाळपासूनचं कुलूप होतं.”



पडद्यावर नव्या नोंदी उमटू लागल्या. गावोगावच्या रुग्णालयांनी पाठवलेल्या, पण जुन्या नोंदींना जोडता येत नसल्यानं पीयूषच्या कुलपापाशी अडकून पडलेल्या. त्यांत चंद्रपूरचे एक नवराबायको होते.

पीयूषचा चेहरा उतरला.

मॅडमनी सांगितलं, शोधानं नुसतं वाचावं, कुलपं लावू नयेत. साखळी सापडली की तेवढ्याच जोड्या पुन्हा तपासून छोट्या ट्रान्झॅक्शनमध्ये पक्क्या कराव्यात. त्यानं निमूटपणे तसं केलं.

मागवलेला चहा यायच्या आत साखळी पडद्यावर होती. बेबीताई आणि भाऊ, अकोल्याचे बापलेक, आणि चंद्रपूरची ती जोडी.

पुढच्या सगळ्या तपासण्या जुळल्या. तिन्ही प्रत्यारोपणं एकाच दिवशी झाली. बेबीताईंचं नवं मूत्रपिंड टेबलावरच काम करू लागल्याचा फोन आला, तेव्हा अख्खं केंद्र उभं राहून टाळ्या वाजवत होतं. पीयूष हसत होता आणि डोळे पुसत होता.

संध्याकाळी शल्यचिकित्सक स्वतः आले. इतके दिवस न सापडलेली साखळी अचानक कशी सापडली, त्यांनी विचारलं. पीयूषनं मॅडमकडे बोट दाखवलं.

“कोणीतरी दार वाजवत होतं, डॉक्टर,” मॅडम म्हणाल्या. “यानं उघडलं.”