कणकेच्या बेडकाचा दुसरा डोळा

सांगा बरं, बेडकाला डोळे किती असतात?

दोन! एक इकडे, एक तिकडे.

पण पिठूला एकच होता.

पिठू म्हणजे कणकेचा बेडूक. एवढुस्सा. तुमच्या मुठीत मावेल एवढा. दुर्वाने केला होता. आई पोळ्यांची कणीक मळत होती. दुर्वा म्हणाली, "आई, मला पण गोळा!" आईने लिंबाएवढा गोळा दिला. दुर्वाने तो वळला. मग दाबला. मग चार पाय काढले. पोट मात्र मोठ्ठं ठेवलं.

"डोळ्यांना काय लावायचं? मिरी देऊ?" आईने विचारलं.

"मिरी नको! झोंबेल त्याला!"

मग आईने उडदाचे दोन दाणे दिले. काळे काळे, चकचकीत.

एक दाणा दुर्वाने दाबला. पुच्! बसला.

दुसरा दाणा बोटांतून निसटला. टिण! टिण, टिण, टिण... गेला घरंगळत. गेला थेट कपाटाखाली.

"आई! डोळा गेला!"

"राहू दे. आधी अंघोळ. पाणी निवतंय."

"पण पिठू वाळेल ना! वाळला की डोळा बसत नाही. तूच म्हणालीस!"

"आलोच गं आपण. पिठू काय पळून जातोय?"

आईने कणकेच्या परातीवर ओलं फडकं टाकलं. दुर्वाला उचललं. न्हाणीघराचं दार लागलं. खट्!

पिठू चटईवर एकटाच राहिला. वर पंखा. गरगर, गरगर.

पिठूला आधी गार वाटलं. मग पाठ खरखरीत लागायला लागली.

"अरे बापरे!" पिठू म्हणाला. "मी वाळायला लागलो! वाळलो तर डोळा बसणार नाही. कध्धीच बसणार नाही!"

तो निघाला. टुणुक टुणुक. कपाटापाशी आला. वाकून पाहिलं. तिकडे आत, अंधारात, डोळा चमकत होता. पिठू आत शिरायला गेला. पण फट बारीक. पोट मोठं. अडकला! कसाबसा मागे सरकला.

आता काय करायचं?

चटईवर दुर्वाची घरी केलेली खेळणी होती. पिठू त्यांच्याकडे निघाला. टुणुक टुणुक, टुणुक टुणुक.

आधी भेटला साप. बाबांच्या जुन्या मोज्याचा साप. लांबच लांब, बारीक बारीक.

पिठू म्हणाला,

"सापदादा, सापदादा, आत जा!
साप कपाटाखाली,
डोळा मला!
लवकर, लवकर, मी वाळतोय!"

साप म्हणाला, "गेलो असतो रे. पण माझं पोट रिकामं. बघ, नुसता मोजा आहे मी. रिकाम्या पोटी सरपटू कसा? पोटात भरायला चिंधी आण, मग जातो."

वर पंखा. गरगर, गरगर.

पिठू निघाला. टुणुक टुणुक, टुणुक टुणुक. एका बाजूचं त्याला दिसतच नव्हतं. धप्प! कुणावर तरी आदळला.

"अगं आई गं! डोळे आहेत का नाहीत?"

"एकच आहे," पिठू म्हणाला.

ती होती चिंध्यांची बाहुली. जुन्या साडीच्या काठाचं लुगडं नेसलेली. तिच्या ओच्यात चिंध्याच चिंध्या.

पिठू म्हणाला,

"बाहुलीताई, बाहुलीताई, चिंधी दे!
चिंधी सापाला,
साप कपाटाखाली,
डोळा मला!
लवकर, लवकर, मी वाळतोय!"

बाहुली म्हणाली, "चिंधीचं काय, दोन देते. पण आज माझं लग्न. आणि गळा बघ, अगदी भुंडा! अशी उभी राहू होय नवऱ्यासमोर? आधी गळ्यात घालायला माळ आण, मग देते."

"लग्न उद्या नाही का चालणार?" पिठूने विचारलं.

"शहाणाच आहेस!" बाहुली म्हणाली.

वर पंखा. गरगर, गरगर.

पिठू निघाला. टुणुक टुक, टुणुक टुक. पाय जरा जड झाले होते.

समोर बटणांची माळ. लाल दोऱ्यात ओवलेली. एक पांढरं बटण, एक निळं, एक बाबांच्या सदऱ्याचं. पुढे नुसताच दोरा.

पिठू म्हणाला,

"माळमावशी, माळमावशी, चल ना!
माळ बाहुलीला,
चिंधी सापाला,
साप कपाटाखाली,
डोळा मला!
लवकर, लवकर, मी वाळतोय!"

माळ म्हणाली, "येईन रे राजा, पण मी अर्धीच आहे. माझी बाकीची बटणं गाडीत बसून गेली ती गेलीच. अर्धी माळ कुणाच्या गळ्यात पुरेल? आधी माझी बटणं आण, मग येते."

वर पंखा. गरगर, गरगर.

पिठू निघाला. टुक टुक, टुक टुक. आता टुणुक होतच नव्हतं.

समोर गाडी. आगपेट्यांची झुकझुक गाडी. बाटलीच्या बुचांची चाकं. शेवटच्या डब्यात बटणं. पिवळी, हिरवी, जांभळी.

पिठू म्हणाला,

"गाडीबाई, गाडीबाई, बटणं ने!
बटणं माळेला,
माळ बाहुलीला,
चिंधी सापाला,
साप कपाटाखाली,
डोळा मला!
लवकर, लवकर, मी वाळतोय!"

गाडी म्हणाली, "नेली असती की! पण माझं इंजिन निखळलंय. ते बघ, तिकडे उताणं पडलंय. इंजिनाशिवाय गाडी चालते का कुठे? आधी चिकटवायला खळ आण, मग निघते."

वर पंखा. गरगर, गरगर.

पिठू निघाला. टुक टक, टुक टक. आणि एकदम आवाज आला. कर्र! पिठूच्या मागच्या पायाला चीर पडली. बारीकशी. केसाएवढी.

पिठूने वळून पायाकडे पाहिलं. "चीर पडली! आता फार वेळ नाही!"

समोर वाटी. वाटीत खळ. आईने पिठाचीच शिजवलेली. कागद चिकटवायला.

पिठू म्हणाला,

"खळआजी, खळआजी, थोडी ये!
खळ गाडीला,
बटणं माळेला,
माळ बाहुलीला,
चिंधी सापाला,
साप कपाटाखाली,
डोळा मला!
लवकर, लवकर, मी वाळतोय!"

खळ म्हणाली, "बाळा, मीच वाळत आलेय रे. किती घट्ट झालेय बघ. माझ्याने काही चिकटायचं नाही. आधी पाण्याचा थेंब आण. एकच आण. मग मी मऊ होते."

पाणी? पाणी कुठे मिळणार?

पिठूने एका डोळ्याने इकडे पाहिलं. वळून तिकडे पाहिलं. तिकडे परात होती. परातीवर ओलं फडकं होतं.

पिठू निघाला. टक टक. टक टक. परात लांब होती. टक टक. पंखा गरगर, गरगर. कर्र! दुसऱ्या पायालाही चीर. टक... टक... टक... पोचला. परातीच्या काठावर चढला.

पिठू म्हणाला,

"फडकेमामी, फडकेमामी, थेंब दे!
थेंब खळीला,
खळ गाडीला,
बटणं माळेला,
माळ बाहुलीला,
चिंधी सापाला,
साप कपाटाखाली,
डोळा मला!
लवकर, लवकर, मी वाळतोय!"

फडकं म्हणालं, "थेंब देईन. पण हा माझा कोपरा बघ. पंख्याच्या वाऱ्याने उडतोय. फडफड, फडफड! खालची कणीक उघडी पडली. ती वाळली तर पोळ्या कडक होतील. दुर्वाला चावायच्या नाहीत. आधी माझ्या कोपऱ्यावर बस. मग देते."

"बसू?" पिठू म्हणाला. "मी बसलो तर इथेच वाळेन!"

कोपरा उडतच होता. फडफड, फडफड.

पिठूने खाली पाहिलं. कोपऱ्याखाली कणीक दिसत होती. मऊ मऊ. पांढरी. सकाळी पिठू तिच्यातच होता. तिचाच तर गोळा होता तो.

"हीसुद्धा वाळायला लागली," पिठू हळूच म्हणाला.

आणि तो कोपऱ्यावर बसला. टक्.

कोपरा उडायचा थांबला. कणीक झाकली गेली.

पिठूने डोळा मिटला. त्याला वाटलं, आता वाळलो. आता संपलं.

पण पोटाला काहीतरी गार लागलं. गार आणि ओलं. मग पायांना लागलं. पायाची चीर मिटली. दुसऱ्या पायाचीही मिटली. पाठ खरखरीत होती, ती सुद्धा मऊ झाली. ओल्या फडक्यावर बसल्यावर कणीक वाळेल कशी?

"मामी!" पिठू ओरडला. "मी मऊ झालो!"

"मग आता ऊठ," फडकं म्हणालं. "माझा कोपरा बसला नीट, चिकटला कणकेला. हा घे थेंब. सांडू नकोस हं."

टप! थेंब पिठूच्या पाठीवर.

वर पंखा होताच. गरगर, गरगर. पिठू पुन्हा वाळायच्या आत सगळं व्हायला हवं होतं.

पिठू निघाला. टुणुक टुणुक! थेंब डुचमळला. पिठू थांबला. थेंब सांडला नाही. टुणुक टुणुक!

थेंब दिला खळीला. पचक पचक, खळ मऊ झाली.

खळ लावली गाडीला. चप्प! इंजिन चिकटलं. झुक झुक, झुक झुक.

गाडीने बटणं दिली माळेला. सुळ्ळ, सुळ्ळ, दोऱ्यात शिरली. पिवळं, हिरवं, जांभळं.

माळ गेली बाहुलीला. "अगंबाई, कशी शोभतेय ना मला?" बाहुली म्हणाली.

बाहुलीने चिंधी दिली सापाला. साप भरला. गुबगुबीत नाही, पण पुरेसा.

साप गेला कपाटाखाली. सर्र सर्र. आत गेला. अजून आत गेला. शेपटीसुद्धा दिसेना. पिठूने फटीत वाकून पाहिलं.

"सापदादा? सापडला का?"

आत नुसता अंधार.

"सापदादा?"

सर्र सर्र. साप बाहेर आला. नाकाला जळमट लागलेलं. आणि तोंडात उडदाचा दाणा!

डोळा दिला पिठूला. सापाने नाकाने दाबला. पुच्!

बसला.

पिठूने इकडे पाहिलं. न वळताच तिकडेही दिसलं.

खट्! न्हाणीघराचं दार उघडलं. सगळी खेळणी गप्प झाली. दुर्वा टॉवेलमध्ये गुंडाळलेली, धावतच आली.

"आई! आई, बघ! पिठूला दोन डोळे!"

"तूच लावला असशील मघाशी."

"मी? मी तर अंघोळ करत होते!"

"मग मी नाही बाई. मी तुझे कान धूत होते," आई म्हणाली. तिने वाकून पिठूचा डोळा बोटाने हलवून पाहिला. डोळा जराही हलला नाही. "पण बसलाय मात्र पक्का. आता वाळला तरी चालेल हो याला."

दुर्वाने पिठूला दोन्ही हातांत उचललं आणि खिडकीत उन्हाला ठेवलं. मग ती मऊ मऊ पोळी खायला बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पिठू खडखडीत वाळला होता, आणि त्याचे दोन्ही डोळे जागच्या जागी होते.