बुडणाऱ्याचा विश्वास

वादळ ओसरलं आणि इनासचं प्रेत किनाऱ्याला लागलं. तो पाण्यात हाका मारत असताना डोमनिक नाखवाची मासळीने भरलेली होडी अगदी जवळून निघून गेली होती, हे वसईकडच्या त्या कोळीवाड्यात सगळ्यांना ठाऊक होतं. पण निम्म्या चुली नाखवाच्या होड्यांच्या जोरावर पेटायच्या, त्यामुळे सगळ्यांच्या तोंडाला कुलूप.

चर्चमध्ये शवपेटीपुढे नवे फादर म्हणाले, "प्रभू येशूचा शिष्य पेत्र पाण्यावरून चालला, हे रूपक समजा. पाणी म्हणजे आपली संकटं."

नाखवा ताडकन उठला. "रूपक कसलं, फादर? लिहिलंय तस्संच घडलं! पेत्राचा विश्वास डळमळला म्हणून तो बुडू लागला. हा इनासही त्यामुळेच बुडाला. असल्याला दफनभूमीत, देवाच्या मातीत जागा नको!"

इनासची बायको कार्मेलीन पेटीला टेकून बसली होती. रडून रडून तिचे डोळे कोरडे पडले होते. नवरा तर गेलाच, आता त्याची मूठभर मातीही हा हिरावून घेणार. ती उठली.

"नाखवा, अक्षर न् अक्षर खरं ना?"

"अक्षर न् अक्षर!"

"मग पुढचंही वाचा. पेत्राने हाक मारली तेव्हा प्रभूने आधी हात देऊन त्याला धरलं. विश्वास कमी पडला म्हणून बोल लावला, तो नंतर. तुम्ही बोल तेवढा लावलात. हात कुठे होता तुमचा?"

मग नाखवाच्याच होडीवरचे खलाशी माना खाली घालून पुढे आले आणि इनासची पेटी खांद्यावर घेऊन दफनभूमीकडे चालू लागले.