चाळीस शून्यं

सत्र नुकतंच सुरू झालं होतं, मैदानात खो-खोचे खांबसुद्धा अजून रोवले नव्हते, तोच विद्यापीठानं खो-खो शिकवणाऱ्या खरमाटे मॅडमच्या शिकवण्यावर फॉर्म भरून पोरांची मतं मागवली! साठांपैकी चाळीस पोरांनी प्रामाणिकपणे लिहिलं, "आत्ताच सांगता येत नाही." विभागप्रमुख पाटणकरांनी त्या चाळिसांचे शून्य गुण धरले आणि मॅडमना नोकरीवरूनच काढायचा घाट घातला. मॅडमच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"नियम म्हणजे नियम! सांगता येत नाही म्हणजे शून्य," समितीच्या बैठकीत पाटणकर गुरगुरले.

मॅडम समितीतल्या बाकी दोघांकडे वळल्या. "तुम्हीच बोला, हा नियम न्यायाचा आहे का?"

दोघांनी पाटणकरांकडे चोरून पाहिलं आणि माना खाली घातल्या. "सांगता येत नाही, मॅडम."

"लिहा सर, तुमच्या नियमालाही शून्य!" मॅडम कडाडल्या.

पाटणकरांनी घाम पुसला. "फॉर्म... सत्र संपल्यावर पुन्हा भरून घेऊ."