ऐसपैस जागा

नाशिकच्या आनंदबन कॉलनीच्या जुन्या इमारती पाडून टॉवर उभारायचा घाट बिल्डर धारपसाहेबांनी घातला. नकाशात मोठी घरं होती, जिम होती, लिफ्ट होती, दोन मजली पार्किंग होतं. फक्त इमारतींमधलं अंगण नव्हतं.

"रिकामी जागा काय चाटायचीय?" साहेब म्हणाले. तेही त्याच अंगणात भरलेल्या रहिवाशांच्या सभेत, सतरंजीवर मांडी घालून.

यमुताई दातारांनी अंगणभर नजर फिरवली. दर कोजागरीला सगळ्या कॉलनीचं दूध त्या इथंच आटवायच्या. पण मोठं घर कोणाला नको? लोकांनी सहीसाठी पेनं काढली.

"साहेब, तुमचा मागचा टॉवर फार देखणा झालाय म्हणे," यमुताई म्हणाल्या. "सह्या तिथंच करू. आम्ही सगळेच येतो, पोराबाळांसकट."

"अहो ताई, तिथं एवढी माणसं बसवू कुठं?" साहेब बोलून गेले. "त्यापेक्षा इथंच बरं, ऐसपैस."

पेनं जागच्या जागी थांबली. साहेबांनी जीभ चावली.

यमुताईंनी चिवड्याची बशी त्यांच्यापुढे सरकवली. "खा निवांत. पुढच्या खेपेला ही ऐसपैस जागा तेवढी नकाशात घेऊन या. सह्या कुठं पळून जात नाहीत."

नव्या नकाशात अंगण आलं. सह्या झाल्या कोजागरीला, आणि दुधाचा पहिला पेला यमुताईंनी साहेबांच्याच हातात दिला.