सहा घंटांची ओतारीण

खडकमाळ नावाच्या एका गावात एक ओतारीण राहत असे. तिचं नाव सगुणा. मातीच्या साच्यात पितळ ओतून ती घंटा बनवी.

त्या गावात दर मंगळवारी गुरांचा बाजार भरे. बाजाराला कारकून नव्हता. पूर्वी एक होता, पण तो बड्या माणसांच्या सांगण्यावरून नोंदी बदलू लागला, म्हणून गावाने ते पदच मोडलं. त्याऐवजी चिंचेखाली अकरा सपाट दगड मांडले. प्रत्येक दगडावर एक साक्षीदार बसायचा. सौदा ठरला की जनावर त्या दगडांपुढून फिरवत आणि साक्षीदार त्याच्या खुणा पाहून ठेवत. पुढे तंटा उठला तर अकरा जणांना विचारायचं. जास्त दगड जे सांगतील ते खरं.

साक्षीला कोणीही बसावं, पण बसणाऱ्याने आपल्या दगडाशेजारी पाच शेर पितळेची घंटा टांगावी, अशी अट होती. त्याची साक्ष चुकीची ठरली की पुढच्या मंगळवारी लोहार ती घंटा घणाने फोडी आणि पितळ गावाच्या कामाला जाई. सरळ साक्ष देणाऱ्याला दर सौद्यामागे ओंजळभर ज्वारी मिळे.

एवढं पितळ टांगून ठेवणं गरिबाला परवडणारं नव्हतं. पाचच दगड भरले. त्यांतले दोघं-तिघं तापाने पडले की बाजार बंद ठेवावा लागे, आणि लांबून आलेली माणसं जनावरं घेऊन तशीच परत जात.

सगुणाने एक गोष्ट हेरली होती. गरिबाच्या घरी पाच शेर पितळ नसतं, पण चेपलेली वाटी असते, दांडा तुटलेली पळी असते. ती घरोघर गेली. "तुमचं पितळ एकत्र करून मी घंटा ओतते. साक्षीला माझी माणसं बसतील. ज्वारी सगळ्यांत वाटू. मला मूठभर पुरे."

कोंडाबाई नावाची एक म्हातारी आपला पितळी तांब्या पोटाशी धरून बसली होती. "माहेरचा आहे गं. तू वितळवलास तर माहेर कुठं शोधू?"

"घंटेवर तुमची खूण कोरते, मावशी."

"खुणेतनं पाणी पिता येतं का?" म्हातारी म्हणाली, आणि तांब्या पुढे केला.

अशी एक घंटा झाली, मग दुसरी. दोन वर्षांत रिकामे सहाही दगड भरले, आणि त्या सहा घंटांत चाळीस घरांचं पितळ होतं. बाजार आता कधी बंद पडत नसे. गरिबांच्या मडक्यांत ज्वारी आली. लोक सगुणाला दुवा देत.

सहा दगडांवर तिची नणंद अनुसया, चार शेजारणी आणि ती स्वतः बसत. सहा जणींच्या सांगण्यात फरक पडू नये म्हणून सगुणाने एक सोय केली. जनावर ती एकटीच नीट पाही, त्याचा डाग ओल्या मातीच्या वडीवर कोरून घेई आणि बाकीच्यांना सांगे. हळूहळू त्या पाचजणींनी जनावरांकडे बघायचंच सोडलं. अनुसया तर दगडावर बसून वाती वळत असे.

एकदा गेनू तेल्याने घाण्यासाठी बैल घेतला. त्याच्या गोठ्याची भिंत पडली होती, म्हणून आठ दिवस बैल व्यापाऱ्याकडेच राहिला. व्यापाऱ्याकडे तसाच आणखी एक बैल होता. दोघांच्या मागच्या पुठ्ठ्यावर चंद्रकोरीचा डाग, पण एकाच्या कोरीची टोकं शेपटीकडे वळलेली, दुसऱ्याच्या डोक्याकडे. त्या आठ दिवसांत डोक्याकडे टोकं असलेला बैल लंगडू लागला. व्यापारी म्हणाला, "गेनूशेठ, लंगडा तो तुमचा."

"लंगडा बैल घाणा ओढील होय? मग तेल काय मी फिरून काढू?" गेनू ओरडला.

दगडांना विचारलं. पाच जुने साक्षीदार म्हणाले, "विकलेल्या बैलाच्या कोरीची टोकं शेपटीकडे होती." सगुणाने मातीची वडी पाहिली आणि सांगितलं, "डोक्याकडे." तिच्यामागून पाचजणी म्हणाल्या, "डोक्याकडे."

सहा विरुद्ध पाच. लंगडा बैल गेनूचा ठरला. पाच साक्षीदारांच्या घंटा पुढच्या मंगळवारी फोडायचं ठरलं. आपण पाहिलं ते खोटं कसं, हेच त्यांना कळेना.

शुक्रवारी सगुणाने अंगणात एक नवा साचा फोडला. घंटेवर मोर हवा होता. साच्यात त्याचं तोंड डावीकडे होतं, पितळेत ते उजवीकडे आलं. यात नवीन काही नव्हतं. ओतारणीचा हात मातीवर नेहमी उलटंच कोरतो, तरच पितळेत सुलटं उतरतं. ती घंटा घासायला घेणार, इतक्यात तिची नजर फळीवरच्या त्या वडीवर गेली. तिने ती उचलून मोराच्या साच्याशेजारी धरली. सवयीने कोर तिने उलटी काढली होती, आणि बाजारात ती सरळ वाचली होती. आजवर डागाची दिशा सांगावी लागेल असा तंटाच आला नव्हता.

अनुसयेने सगळं ऐकून घेतलं आणि दाराला कडी घातली. "वहिनी, गप्प बसा. बाजाराने निवाडा दिला. आता तेच खरं."

"बैलाचा डाग निवाड्याने फिरतो का गं?"

"आणि आपल्या सहा घंटा? चाळीस घरं दारात येतील तेव्हा काय सांगाल? हात चुकला?"

सगुणा पदराला हात पुसत कोंडाबाईकडे गेली आणि झालेलं सगळं सांगितलं.

"म्हणजे माझा तांब्या फोडणार तू," म्हातारी म्हणाली, "आणि वर मी तुला शहाणी म्हणू?"

"नका म्हणू, मावशी. पण मी बोलले नाही, तर त्या पाच जणांच्या घंटा फुटतील. त्यांनी खरं सांगितलंय."

"मला काही विचारू नकोस. जा." म्हातारीने तोंड फिरवलं.

सगुणा मग उरलेल्या एकेका घरी गेली. कोणी रडलं, कोणी शिव्या दिल्या. एकाने तर तिच्या तोंडावर दार लावलं.

मंगळवारी लोहाराने पहिल्या घंटेवर घण उचलला, तेव्हा सगुणा पुढे झाली. "ती नको. माझ्या सहा फोडा. चूक माझी आहे. सहाही तोंडं माझ्याच डोळ्यांनी बोलली."

तिने वडी दाखवली आणि उलट-सुलट समजावून सांगितलं. धडधाकट बैल गेनूला मिळाला. पाच घंटा वाचल्या, सहा फुटल्या. गेनू बैलाचा कासरा धरून घाण्याकडे निघाला.

त्यानंतर सगुणाने घरातली विकायची घंटा-घुंगरं वितळवून ज्याचं त्याचं पितळ फेडायला घेतलं. सगळ्यांत शेवटी ती कोंडाबाईकडे नवा तांब्या घेऊन गेली. म्हातारीने तो उलटासुलटा करून पाहिला. "हा माहेरचा नाही," ती म्हणाली. "याची घंटाच कर. दगड रिकामे बरे दिसत नाहीत."

दुसरे लोकही मागोमाग आले. एवढं होऊनही कबूल करणारी बाई दुसरी कुठे मिळणार, असं ते म्हणत होते. सहा घंटांचं पितळ पुन्हा दारात जमलं. सगुणाने त्यातून एकाच घंटेपुरतं ठेवून घेतलं. बाकीचं घेऊन ती कुंभारणीकडे, शिंप्याकडे आणि आणखी तिघांकडे गेली.

"घंटा मी ओतून देते," ती म्हणाली. "माणसं तुम्ही जमवा, साक्षीला तुम्ही बसा. आणि जनावर तुमच्या डोळ्यांनी बघा. मला विचारायला येऊ नका."

कुंभारीण खापरावर रेघा ओढून खुणा ठेवू लागली. शिंपी दोऱ्याला गाठी मारी. ज्याची त्याची रीत निराळी.

अनुसया चिडली. "सहाचा मान होता. एकावर आणलात. लोक स्वतःहून देत होते ना?"

सगुणा आपल्या दगडावर बसली. तिच्या दोन्ही बाजूंना दहा जण मान उंचावून येणाऱ्या बैलाकडे बघत होते.

"म्हणून तर नको म्हटलं," ती म्हणाली. "आता मी चुकले तरी बाजार चुकणार नाही."

तात्पर्य: गुरांचा बाजार असो की आजची ब्लॉकचेन, म्हणजे अनेकांच्या साक्षीने राखलेली संगणकावरची नोंदवही, गरिबांचा थोडाथोडका ठेवा एकत्र करून त्यांना साक्षीचा वाटा देणं ही सगळ्यांची सेवा आहे, पण सगळ्यांचा विश्वास एकाच हाती साठला की त्या हाताची चूक सगळ्यांचं सत्य बनते, म्हणून खऱ्या सेवकाने तो विश्वास वाटून द्यावा.