एकास एकशेचाळीस

चेअरमनांच्या खोलीतली सागवानी चौकट रिकामी होती, आणि तिच्यात शुक्रवारपर्यंत नव्या साखर कारखान्याचा नकाशा बसला नाही तर माझी खुर्ची रिकामी होणार होती.

चेअरमन केरबाअण्णांची अट एवढीच, की नकाशानं चौकट भरून गेली पाहिजे आणि त्यावर पट्टी ठेवली की माप बरोबर आलं पाहिजे. चौकट त्यांच्या वडिलांच्या हातची, ती बदलायची नाही. मी छाती पुढे काढून ‘होऊन जाईल’ म्हणालो. संगणकावर नकाशे काढण्याचं माझं प्रमाणपत्र टेबलामागे टांगलेलं आहे. ते मात्र चौकटीत अगदी व्यवस्थित बसलंय.

सॉफ्टवेअरमध्ये स्केलची तयार यादी असते. एकास शंभर, म्हणजे जमिनीवरच्या शंभर फुटांना कागदावर एक फूट. ते निवडलं, तर वजनकाटा चौकटीबाहेर गेला. एकास दोनशे केलं, तर चहूबाजूंनी इतकी जागा उरली की अण्णांनी विचारलं, इथे काय ऊस लावायचा? मग मी शक्कल लढवली. ‘कागदात बसवा’ असं एक बटण असतं, ते दाबलं. नकाशा बरोब्बर बसला. गुरुवारी अण्णांनी आपली एकास शंभरची पट्टी काढून नकाशातल्या स्वतःच्या खोलीवर ठेवली. चौदा फुटांची खोली दहा फूट भरली.

“चौगुले, माझी चार फूट खोली कुठं गेली?”

पट्टीतच दोष असेल, असं मी म्हणालो. त्यावर ते जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही.

शुक्रवारी सकाळी आठला ऑफिसात पोचलो तेव्हा शेवंताक्का दारात रांगोळी काढत होत्या. त्या आमच्याकडे रोजंदारीवर झाडलोट करतात. मी विचारात थेट रांगोळीवरच पाय दिला. काय झालं, असं त्यांनी विचारलं, आणि कुणीतरी कीव करावी म्हणून मी सगळं सांगून टाकलं.

“सायेब, यादीतलीच मापं का घ्यायची? ह्ये कमळ अकरा ठिपक्यांचं. देवळाच्या मोठ्या दारात बी मी अकराचंच काढती. जागा बघायची आन् ठिपक्यातलं अंतर आपुन ठरवायचं. फकस्त एकदा ठरवलं की सगळीकडं त्येवढंच.”

मी धावत जाऊन संगणक लावला. यादीच्या तळाशी ‘कस्टम’ असा पर्याय होता. बारा वर्षं तो माझ्याकडे बघत होता, मी त्याच्याकडे पाहिलं नव्हतं. कारखान्याच्या रुंदीला चौकटीच्या रुंदीनं भागलं, उत्तर आलं एकशेचाळीस. तोच आकडा टाकला. कालच्या बटणानंही गुपचूप हेच केलं असणार. मी मेल्यानं विचारलंच नव्हतं.

मी उड्या मारणार, तोच शेवंताक्कांनी विचारलं की अण्णांच्या पट्टीचं काय? शंभराच्या पट्टीवर खोली पुन्हा दहाच फूट भरणार होती.

“ज्या मापानं नकाशा काढला त्याच मापाची पट्टी बी काढा की,” त्या म्हणाल्या.

नकाशा चौकटीत बसवला, पट्टी छापली. त्यांनी ती खोक्याच्या फळीवर खळीनं चिकटवूनही दिली.

दहाला अण्णा आले. नवी पट्टी त्यांनी आधी आपल्या खोलीवर ठेवली. चौदा फूट. मग फाटक, वजनकाटा, विहीर, सगळं मोजलं. सगळं बरोबर. तरी त्यांनी पट्टी उलटीपालटी करून पाहिली.

“एकास एकशेचाळीस? असली पट्टी जन्मात बघितली न्हाई. बाजारात मिळती का ही?”

अण्णांचा घेर अवघ्या तालुक्याला ठाऊक आहे, आणि दाराशी झाडू घेऊन उभ्या असलेल्या शेवंताक्कांनाही.

“अण्णा, तुमची बंडी तरी बाजारात मिळती व्हय? मापानं शिवूनच घ्यावी लागती न्हवं?”

मी खिडकी किती उंच आहे ते पाहून ठेवलं. अण्णांनी खाली आपल्या पोटाकडे पाहिलं आणि असे हसत सुटले की चौकट खिळ्यावर हलली.

शेवंताक्का त्याच दिवशी कायम झाल्या. नकाशाच्या कोपऱ्यात आराखडा काढणाऱ्याचं नाव असतं, तिथे अण्णांनी माझं खोडून त्यांचं घालायला लावलं. माझी खुर्ची राहिली. शिवाय मला अण्णांच्या हस्ते रांगोळीचा डबा मिळाला, आणि रोज आठला दारात बसून शिकायचा हुकूम.

अजून माझ्या कमळाची एक पाकळी उंबऱ्याबाहेर जाते.