तुफानचं ताट

फार पूर्वी, शर्यतींचं वेड असलेल्या एका डोंगराळ राज्यात रणधवल नावाचा राजा होता. त्याच्याकडे कारवानी जातीचा एक शिकारी कुत्रा होता, तुफान. लांब पाय, खोल छाती, मुठीत मावेल अशी कंबर! राजा भेटेल त्याला सांगे, "याच्या सात पिढ्यांत बाहेरचं रक्त नाही!"

अशा अस्सल कुत्र्याला साधं अन्न कसं घालायचं? राजाने त्याच्यासाठी चांदीचं ताट घडवलं. सकाळी तुपातला शिरा, दुपारी बासुंदी, संध्याकाळी तळलेलं मटण. शिकारीला निघताना तर आणखी एक ताट! "अंगात ताकद नको का यायला?" राजा म्हणे.

ताकद काही आली नाही. तुफानची कंबर दिसेनाशी झाली, अंगाला खाज सुटली, केस झडले. एके दिवशी वाड्याच्या पायऱ्या चढताना त्याचे मागचे पाय लटपटले आणि तो मध्येच बसला. उठेचना! दसऱ्याची शर्यत तोंडावर आली होती. राजाच्या तोंडचं पाणी पळालं.

त्याने थोरल्या बहिणीला, सगुणाबाईला बोलावणं धाडलं. तुफानची सख्खी बहीण बिजली तिच्याकडे होती. सगुणाबाई घोड्यावरून आली, तर बिजली घोड्याच्याही पुढे!

राजा बघतच राहिला. "आक्का, दोघं एकाच आईची पिल्लं. मग हे असं का?"

सगुणाबाईने तुफानचे पाय चाचपले. "घराण्यातल्या घराण्यातच जोड्या लावत गेलो आपण. म्हणून यांचे सांधे नाजूक. बिजलीचेही आहेत. पण मी तिच्या अंगावर चरबी चढू दिली नाही."

"मी तर प्रेमानेच घालतो गं!"

"ते का मला माहीत नाही? पण तुझ्या प्रेमाचा भार त्याच्या पायांवर पडतोय. आणि धावायच्या आधी ताट? अरे, खोल छातीचा कुत्रा हा! भरल्या पोटी पळाला तर पोटाला पीळ पडून जागच्या जागी जाईल."

राजा हादरला. त्याने तिथल्या तिथे सांगून टाकलं, "यंदा तुफान धावणार नाही."

चांदीचं ताट कपाटात गेलं. आता उकडलेलं मटण, एखादं अंडं, थोडी भाकरी, तेही दोन वेळा आणि बेताने. तुफानने पहिल्यांदा वाटीकडे पाठ फिरवली आणि असा गळा काढला की राजा शालीखाली शिरा लपवून निघाला! आक्काने त्याला दारातच पकडलं.

हळूहळू केस परत आले. कंबर दिसू लागली. सकाळचा फेरफटका लांबत गेला.

पुढचा दसरा उजाडला. ढोल वाजत होते, माळ माणसांनी फुलला होता. तेवढ्यात गावचा हलवाई पेढ्यांचं तबक घेऊन आला. "महाराज, तुफानचं तोंड गोड करा!"

"एक तरी द्या, महाराज!" लोक ओरडू लागले. तुफान शेपटी हलवत, जीभ बाहेर काढून राजाकडे बघत होता. राजाचा हात तबकाकडे गेला.

राजाने पेढा उचलला आणि आपल्याच तोंडात टाकला! मग दुसरा, मग तिसरा. तोंड इतकं भरलं की 'सोडा!' असा हुकूमही त्याला देता येईना. शेवटी आक्कानेच तो दिला.

कुत्री सुटली! धुळीचा लोट उठला. बिजली सगळ्यांच्या पुढे, मागे एक पांढरा कुत्रा आणि त्याच्या शेपटीला जवळजवळ नाक लावून तुफान! वळणावर तो क्षणभर अडखळला. पण तुफान सावरला, ताणला, सुटला आणि तिसरा आला!

राजाने पागोटं हवेत उडवलं. "तिसरा! माझा तुफान तिसरा आला!"

"महाराज, तिसऱ्याचा एवढा आनंद?" हलवायाने विचारलं.

"अरे, गेल्या दसऱ्याला याला पायरी चढवत नव्हती!" असं म्हणत राजा धावतच सुटला, तुफानला मिठी मारायला.

तात्पर्य: मुक्या जिवावर खरी माया असेल, तर त्याला आवडेल ते नव्हे, मानवेल ते खाऊ घालावं.